मृतांच्या वहीत पास्कू

आंतोन मास्तरांचा कुत्रा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी मेला. त्याच दिवशी दुपारी मास्तर मृतांची वही लिहायला बसले. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. वही दरवर्षी ऑक्टोबरातच लिहायची असते.

ह्या वहीचं आधी सांगायला हवं. नोव्हेंबरच्या दोन तारखेला आल्मांचा, म्हणजे मेलेल्यांच्या आत्म्यांचा दिवस. त्या दिवशी गावातली सगळी ख्रिस्ती घरं दफनभूमीत जमतात. आठवडाभर आधी गवत काढून, थडगी धुऊन, क्रुसांना चुना मारून ठेवलेला असतो. झेंडूची फुलं येतात, मेणबत्त्यांचे पुडे येतात, मुंबईला गेलेली मुलं रजा काढून येतात. तिथेच मिस्सा, म्हणजे चर्चची पूजा-प्रार्थना, होते आणि मिस्सेनंतर प्रत्येक घरातल्या मेलेल्या माणसांची नावं मोठ्याने वाचतात. घरोघरच्या चिठ्ठ्या महिनाभर आधी जमा होतात आणि त्या वाडीच्या क्रमाने, घरामागून घर, एका वहीत उतरवून घ्यायच्या असतात. एका घराची नावं संपली की जमलेले सगळे म्हणतात, "प्रभू, त्यांना चिरशांती दे." मग पुढचं घर. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, चारशे अकरा नावं होती.

ही नावं सत्तावीस वर्षं आंतोन मास्तर वाचत आले होते. कट्टा गावाच्या बाजूच्या शाळेत त्यांनी पोरांना पाढे शिकवले, चर्चमध्ये धर्मशिक्षण शिकवलं, पण गावाने त्यांना मानलं ते ह्या वाचनासाठी. मास्तरांचा आवाज काही गाणाऱ्याचा नव्हता. कोरडा, थोडा नाकातला. पण ते प्रत्येक नावाला सारखा वेळ देत. श्रीमंताचं नाव लांबवायचं नाही, गरिबाचं गिळायचं नाही. दोन नावांच्या मध्ये एक काडी ओढून मेणबत्ती लावता येईल एवढी जागा सोडायची. मस्कतला असलेला मुलगा आईला फोनवर पहिलं विचारी ते, "पप्पाचा नाव मास्तरांनीच वाचल्यानी मां?"

आणि मास्तरांचा एक नियम होता. लिहिलंय ते वाचायचं. वाचणाऱ्याने आपली अक्कल चालवायची नाही. एका वर्षी एका घरातल्या नव्या सुनेने घाईत सगळ्या काकांची नावं चिठ्ठीत उतरवली, त्यात जिवंत असलेला रेजिनाल्डही आला. रेजिनाल्ड तिसऱ्या रांगेत मेणबत्ती धरून उभा होता. मास्तरांनी त्याला बघितलं, वही बघितली आणि वाचलं. लोकांनी चिरशांती मागितली. सवयीने रेजिनाल्डनेही मागितली. त्यानंतर तो नऊ वर्षं जगला आणि बाजारात मास्तर दिसले की लांबूनच ओरडे, "अजून आसंय हां मी!"

तर असे मास्तर. आता कुत्र्याचं.

कुत्र्याचं नाव पास्कू. एक्याण्णव सालच्या ईस्टरला, ज्याला आमच्याकडे पास्कांचं फेस्त म्हणतात, मिस्सेहून परतताना तो वाटेवरच्या गटारात सापडला, म्हणून पास्कू. रंग ओल्या वाळूसारखा, एक कान उभा, एक पडलेला. मास्तरांच्या बायकोला, क्रिस्टीनाला, तो मुळीच आवडत नसे. "माज्या घरात घुशीचो वास करून ठेवल्यान," असं म्हणत ती झाडू घेऊन त्याच्या मागे धावायची. स्वयंपाकघरात त्याला बंदी होती. क्रिस्टीना दोन हजार दोन साली गेली. त्यानंतर मास्तर चपला घालून स्वयंपाकघरात शिरू लागले, ताट न विसळता ठेवू लागले, पण पास्कूने शेवटपर्यंत त्या दारातून आत पाय टाकला नाही. तिचा कायदा त्याने तिच्यामागे चार वर्षं पाळला.

तो मेला त्या सकाळी योगायोगाने बाबली आला. बाबली समुद्रावरून एम-एटी मोपेडवर मासे घेऊन येणारा. वाडीच्या तोंडाशी भोंगा वाजवला की बायका ताटल्या घेऊन बाहेर यायच्या. पास्कूही यायचा. बाबली त्याच्यासाठी डोकी वेगळ्या पिशवीत ठेवी. त्या दिवशी त्याने मासे तसेच उन्हात ठेवले आणि मास्तरांच्या परसात रातांब्याच्या झाडाखाली खड्डा खणला.

"मास्तरानू, आणखी हातभर खणूक व्हयो. नायतर कोले उकरतले."

"खण."

"वर काय घालतास? फूलबिल?"

"फुला कशाक? कुत्रो तो."

"तसा न्हय, पण पंधरा वर्सां..."

"माती घाल, बाबली. तुजे मासे कुसतत थंय."

बाबलीने माती घातली. मास्तरांनी त्याला चहा दिला, दुपारी जेवले, अर्धा तास पडले आणि उठून वही काढली. पहिल्या पानावर नेहमीसारखं वर्ष लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

पुढचे दिवस कसे गेले हे कोणी विचारलं असतं तर मास्तर म्हणाले असते, बरे गेले. कोणी विचारलं नाही. माणूस गेला की आठ दिवस घरात लोकांची रीघ असते, कुत्रा गेल्यावर शेजारीण कुंपणावरून "मेलो काय?" एवढं म्हणते आणि नारळ सोलायला लागते. हे योग्यच आहे असं मास्तरांचं मत होतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने एकदा त्यांना विचारलं होतं, आमची मांजर स्वर्गात जाईल का. "नाही," मास्तर म्हणाले होते, "जनावरांना तसला आत्मा नसतो. पुढचा प्रश्न." त्या मुलीचा चेहरा त्यांना आता आठवत नव्हता. ती रडली होती का, तेही नाही.

पास्कू म्हातारपणी पडवीच्या उंबऱ्याला लागून आडवा निजायचा आणि मास्तर त्याच्यावरून पाय उंच टाकून जायचे. आठव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण अजून पाय उंच टाकतोय. तेव्हा त्यांनी मुद्दाम, चारचौघांसारखा टाकला. अंगठा उंबऱ्याला आपटला आणि नख काळं झालं.

बाबली एक दिवसाआड येतच होता. डोक्यांची पिशवीही येत होती. "हात आपसूक बाजूक टाकता," तो ओशाळून म्हणाला. मास्तरांनी पिशवी घेतली, कुंपणापलीकडे नेऊन कावळ्यांना घातली आणि हात धुतले.

अडचण एकच झाली. वही लिहून झाली की मास्तर रोज संध्याकाळी पडवीत बसून ती मोठ्याने वाचत. चारशे नावं न अडखळता वाचायची तर सराव हवा. ह्या सरावाला गेली पंधरा वर्षं पास्कू हजर असे. खुर्चीखाली हनुवटी टेकून तो सगळी वाडी ऐके आणि मास्तर कुठे अडले की उभा कान हलवी. शेवटची दोन वर्षं तो ठार बहिरा होता, तरी वही उघडल्याचं बघून यायचा आणि त्याच जागी बसायचा. आता मास्तर वाचत आणि मध्येच थांबत. अडत नसत, नुसते थांबत. मग मागच्या घरापासून पुन्हा वाचत. जे काम आठ संध्याकाळी व्हायचं त्याला पंधरा लागल्या.

अशाच एका संध्याकाळी वेरोनिका उशिराने चिठ्ठी घेऊन आली; तिच्या घरासाठी मास्तरांनी वहीत पान कोरं ठेवलं होतं. मास्तरांच्या घरापलीकडचंच घर तिचं. पस्तिशीची बाई, शिलाई करायची. तिचा नवरा सालू, गवंडी, जूनमध्ये गेला होता. ओरोसच्या बाजूला एका इमारतीवरून पडला आणि तीन दिवसांनी गेला. वेगळी चूल मांडून त्यांना सहा वर्षंच झालेली, त्यामुळे त्या घराच्या चिठ्ठीवर एकच नाव होतं.

"मास्तरानू, येक सांगतंय," ती उभ्यानेच म्हणाली. "सालू म्हणान वाचू नकात. साल्वादोर म्हणान वाचा. जल्मात तेका कोणी पुऱ्या नावान हाक मारूक नाय. सालू गवंडी, गवंडी सालू. संपला."

"चिठ्ठीत काय लिवलंस?"

"साल्वादोर."

"मगे साल्वादोरच वाचतलंय."

"तुमी वाचतलात म्हणान बरा," ती म्हणाली. जाताना तिने खुर्चीखाली बघितलं आणि भरभर निघाली. घरात तिची मुलगी एकटी होती.

नोव्हेंबरच्या एक तारखेला, दिवे लागायच्या वेळी, मास्तर वही शेवटची चाळत होते. आपल्या घराचं पान आलं. जुझे, मारिया, बेंजामिन, क्रिस्टीना: वडील, आई, भाऊ, बायको. खाली बोटभर जागा कोरी होती. मास्तरांनी पेन्सिल घेतली आणि तिथे लिहिलं: पास्कू. कसं दिसतं ते बघायला. वाईट दिसत नव्हतं. ते खोडायचं होतं. खोडरबर कपाटात होता, कपाट चार पावलांवर. मास्तर बसून राहिले. मग अंधार पडला, त्यांनी वही मिटली आणि ती चर्चच्या पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत मिस्सा झाली. ऊन उतरलं होतं, वारा नव्हता, मेणबत्त्या नीट जळत होत्या. मास्तर टेबलामागे उभे राहिले आणि वाचू लागले. बंदराच्या बाजूची वाडी झाली, वरची वाडी झाली. लोक घराघराला उत्तर देत होते. मास्तरांचं घर आलं.

"जुझे. मारिया. बेंजामिन. क्रिस्टीना."

काडी ओढण्याइतकी जागा गेली.

"पास्कू."

पाव क्षण कोणाला काही कळलं नाही. सवयीने सगळे म्हणाले, "प्रभू, त्यांना चिरशांती दे." पण दे म्हणता म्हणता वाडीतल्यांची तोंडं एकमेकांकडे वळली. पास्कूला ओळखत नाही असं वाडीत कोणी नव्हतं. अर्ध्यांचे सुके बांगडे त्याने चोरलेले. कुणीतरी नाकातून फुसकन हसलं. ते दाबायला शेजारच्याने खोकल्याचं सोंग केलं, त्यावर दोन पोरी फिस्सकन फुटल्या, आणि मग हसू गवताला आग लागावी तसं रांगेरांगेने पसरलं. फादरांनी वर बघितलं. मास्तर वहीत बघत होते. पान उलटलं, पुढचं घर.

"साल्वादोर," त्यांनी वाचलं, स्वच्छ, पुरं, नेहमीच्या वेळात.

ते कोणी ऐकलं नाही. नवऱ्याच्या थडग्यापाशी उभी असलेली वेरोनिका हसणाऱ्यांकडे बघत होती, आणि तिचे ओठ "काय?" असं म्हणाल्यासारखे हलले. मग लोक भानावर आले, ओशाळून मोठमोठ्याने चिरशांती मागू लागले. मास्तरांनी उरलेली सगळी नावं न अडखळता वाचली.

त्या दिवसापासून गाव मास्तरांना मदत करायला लागलं.

कोणी म्हणालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. कोणी म्हणालं, त्यांचा एक मामा गोव्यात होता तो पास्कूच ना? शेजारणीने ठरवून टाकलं की क्रिस्टीनाचं नाव वाचलं आणि मास्तरांचा जीव गलबलला, त्या भरात पुढचं तोंडून गेलं. "बायलेची याद मगो ती. कुत्रो निमित्त," असं ती नळावर सांगत होती आणि बायका माना हलवत होत्या. ही कथा सगळ्यांना फार आवडली. दोघी तर डोळेही पुसत होत्या.

एकटा बाबली खरं बोलला. तो धर्माने हिंदू, त्याला ही गोष्ट कट्ट्याच्या बाजारात कळली आणि भोंगा वाजवायचंही विसरून तो थेट पडवीत आला.

"मास्तरानू! कुत्र्याक सरगात धाडलात म्हणे!"

"बांगडे कसे दिलंस?"

"बांगडे ऱ्हवांदेत. आमच्यात पितरांच्या म्हाळाक कुत्र्याक पान वाडतत, पण ता जित्या कुत्र्याक. मेल्या कुत्र्यासाठी गाऱ्हाणा घातलेला मी पयल्यांदा आयकलंय." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "चुकान झाला, न्हय?"

मास्तरांनी बांगडे निवडले. "हे मऊ पडलेत," ते म्हणाले.

वेरोनिकाने मात्र वाट बदलली. मास्तरांच्या पडवीसमोरून बाजाराला जाणारी वाट सोडून ती मागच्या पोफळींच्या कुळागरातून जायला लागली. चिखलातून.

आठवड्याने फादरांनी बोलावलं. फादर वसईकडचे, तिशीतले, गावात येऊन दीड वर्ष झालेलं. मास्तरांना ते मान देत. त्यांनी खुर्ची स्वतः पुढे ओढली.

"मास्तर, दोघंतिघं माझ्याकडे येऊन गेले. मी त्यांना सांगितलं, माणसाच्या हातून होतं. रविवारी सूचना वाचताना मी एकच ओळ घालतो, वाचताना नजरचुकीने एक जादा नाव वाचलं गेलं. विषय संपला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चमध्ये यादी पुन्हा वाचायची आहे, ती तुम्हीच वाचाल."

"आणि नजरचूक नसली तर?" मास्तरांनी विचारलं. फादरांशी ते शाळेतलं मराठी बोलत.

फादरांनी आपली खुर्ची जवळ घेतली. "तर मला वही दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल. मला राग नाही आलेला, मास्तर. माझ्या घरीही कुत्रा होता. पण लोक आपल्या आईबापांसाठी मेणबत्त्या घेऊन आले होते. त्यांना मी काय सांगू? की हे चालतं?" आणि मग अगदी मऊपणे, "नजरचूकच झाली ना?"

फक्त मान हलवायची होती. मास्तरांची मान हललीही असती.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

घरी येताना वाटेत त्यांनी नीट विचार केला. तो असा. नजरचूक म्हटलं तर वही आपल्याकडे राहते. वही राहिली तर शेवटच्या रविवारी साल्वादोर हे नाव आपण पुन्हा वाचू, आणि त्या दिवशी कोणी हसणार नाही. गाव श्वास रोखून ऐकेल. वेरोनिकाचं जे गेलं ते तिला परत मिळेल. खरं सांगितलं तर वही जाते, आणि धर्मशिक्षण शिकवणारा नवा पोरगा चारशे नावं पंधरा मिनिटांत उरकून टाकतो. खोटं बोलल्याने कोणाचंच नुकसान होत नव्हतं. झालाच तर फायदा होता, आणि तो नेमका जिचा अपराध झाला तिचा. एवढं स्वच्छ उत्तर येऊनही मास्तरांचे पाय घराकडे वळेनात. ते पुढे गेले आणि वेरोनिकाच्या अंगणात उभे राहिले.

आत मशीन चालू होतं.

"वेरोनिका."

"येवा मास्तरानू." मशीन थांबलं नाही. झग्याची कड सुईखालून सरकत होती.

मास्तर दारातल्या बाकड्याच्या कडेला टेकले. बोलायचं काय ते त्यांनी वाटेत जुळवलं होतं, ते आता जुळेना.

"माका येकच सांगा," ती कडेवरची नजर न काढता म्हणाली. "नजर चुकली?"

"नाय."

मशीन थांबलं.

"लिवलेला होता. मीच लिवललंय, पेन्सिलीन. खोडूचा होता, खोडूक नाय. वाचूचा नव्हता, वाचलंय."

"कुत्र्याचा नाव."

"होय."

"माज्या घोवाच्या फुडे."

"होय. फुडला घर तुजा, ह्या माज्या ध्यानात येवक व्हया होता. येवक नाय."

तिने झगा मशीनवरून काढला, झटकला, पुन्हा ठेवला. "गाव म्हणता, क्रिस्टीनामांयच्या आठवणीन मास्तर खुळावले."

"क्रिस्टीनाक तो बघूक नको होतो."

"ता माका ठावक नाय? झाडू घेवन धावायची ती. येक दिवस झाडू माज्याच अंगणात येवन पडली." तिच्या तोंडावर हसू येणार होतं ते तिने येऊ दिलं नाही. "मगे कोणासाठी वाचलात?"

"तेच्यासाठी. पास्कूसाठी. दुसऱ्या कोणासाठी न्हय. सगळे तिच्या नावार ढकलतत. तिच्यासाठी मी रडलंय, तेव्हा रडलंय. ह्या वेगळा."

"मास्तरानू," वेरोनिका म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला, "सालून जल्मभर दुसऱ्यांची घरां बांधल्यान. तेचा नाव येक फावट पुरा आयकूचा होता माका. येकच फावट. आणि लोक हसले. माका आयकूक येवक नाय. तुमी वाचलात काय नाय, ताच माका कळाक नाय!"

"वाचलंय."

"तुमी वाचलात. मी आयकलंय काय?"

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि फादर काय म्हणाले ते सगळं तिला सांगितलं. रविवारची ओळ, शेवटच्या रविवारची यादी, वही कोणाकडे राहील आणि कोणाकडे जाईल.

"तू म्हणशीत तर चुकान झाला म्हणान सांगतंय," ते म्हणाले. "माज्यासाठी सांगूचंय नाय. तुज्यासाठी सांगतंय. मगे नाव मी वाचतंय, आणि तू आयकतलंस."

टेबलावरची टाचणी उचलून वेरोनिकाने ती आपल्या पदरात खोचली, काढली, पुन्हा खोचली.

"तो नवो पोरगो वाचतलो तर?"

"घायत वाचतलो. पण वाचतलो."

"वाचांदे." ती म्हणाली. "तुमचा खोटा सालूच्या नावाबरोबर नको माका. आदीच येक कुत्रो आसा थंय."

मास्तर उठले. सत्तावीस वर्षांचं काम ह्या खोलीत, अर्ध्या शिवलेल्या झग्यासमोर संपलं होतं, आणि त्यांना फक्त एवढंच सुचत होतं की उद्या फादरांकडे जाताना वहीवरचं कव्हर बदलून द्यावं, ते फाटलंय.

"बसा," वेरोनिका म्हणाली.

"नको, तुजा काम आसा."

"बसा म्हणतंय मां."

ते बसले. तिने मशीनवर झाकण घातलं, आत जाऊन दुधाशिवायचा चहा आणला, एक पेला त्यांच्या हातात दिला आणि समोर जमिनीवर पाय दुमडून बसली. मयताच्या घरी आलेली माणसं बसतात तशी. त्या घरी विचारायचे प्रश्नही ठरलेले असतात. जूनमध्ये ह्याच खोलीत साठसत्तर माणसांनी ते तिला विचारले होते आणि तिने साठसत्तर वेळा उत्तरं दिली होती.

"कधी गेलो?" तिने विचारलं.

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

"मंगळवारी," ते म्हणाले. "सकाळी. उजाडताना."

"काय झाला होता?"

"म्हातारपण. मागले पाय गेले होते धा दिवस. मी उचलून भायर नेयत होतंय मुताक. तेका लाज वाटायची. तोंड फिरवून धरायचो."

"खाल्ल्यान काय शेवटी?"

"सोमवारी पेज दिलंय. तोंड लावूक नाय. मगे बोटार घेवन दिलंय, तर बोटा चाटीत ऱ्हवलो. पेज सपली तरी चाटीत होतो." मास्तर थांबले. इथे कुठलं नाव नव्हतं, मागच्या घरापासून पुन्हा सुरुवात करायची सोय नव्हती. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "बराच वेळ चाटीत होतो," ते म्हणाले.

वेरोनिकाने त्यांना रडू दिलं. मग, असं झाल्यावर जे म्हणायचं असतं, ते म्हणाली. "बरो गेलो मास्तरानू. हाल होवक नाय."

जूनमध्ये तिला हे सगळ्यांनी सांगितलं होतं आणि तिने सगळ्यांना होय म्हटलं होतं.

मास्तरांनी बाहीने तोंड पुसलं. "नाय," ते म्हणाले. "बरो नाय गेलो. पुरी रात कण्हत होतो. माका काय करूचा ताच कळाक नाय."

वेरोनिकाने आपलाही पेला खाली ठेवला.

"सालूय तसोच गेलो," ती म्हणाली.